व्होट आमचे, मग हिशोब कुठाय? रिअॅलिटी शोवाल्यांना खुलं पत्र

प्रति,
मराठी चॅनलांचे प्रोग्रॅमिंगवाले, रिअॅलिटी शोचे क्रिएटिव्ह डिरेक्टर आणि प्रोडक्शन हाऊसची समस्त मंडळी यांस,

स.न.वि.वि.

मी ठाण्याला कासारवडवलीत राहते, वागळे इस्टेटमध्ये एका कंपनीत अकाउंट्स बघते, आणि रात्री आमच्या घरी रिमोट सासूबाईंच्या हातात असतो त्यामुळे तुमचा एकही सीझन आमचा चुकलेला नाही, मग तो गाण्याचा असो, नाचाचा असो नाहीतर घरात कोंडून भांडायचा असो. हे आधीच सांगते, कारण टीव्ही अजिबात न बघता टीव्हीला नावं ठेवणारी जी जमात असते त्यातली मी नाही. आवडीने बघते. जाहिरातींसकट बघते.

आणि 'सगळं स्क्रिप्टेड असतं गं' हे वाक्य ऐकून ऐकून कान किटलेत माझे. लिफ्टमध्ये कोणीतरी म्हणतं, ऑफिसात डबा खाताना कोणीतरी म्हणतं, आणि गंमत म्हणजे म्हणणारा माणूस सकाळी सगळ्यात आधी विचारतो की काल एलिमिनेट कोण झालं. मला त्या वादात पडायचंच नाहीये. असेल स्क्रिप्टेड तर असू दे बापडं, नाटकाला आपण जातोच ना गडकरीला नाहीतर घाणेकरला, तिथे कोणी विचारतं का की हा नट खरंच मेला का म्हणून. माझं म्हणणं वेगळं आहे आणि ते फक्त एका गोष्टीबद्दल आहे, ती म्हणजे व्होट. पण तिथे यायच्या आधी आम्हाला किती माहीत आहे ते सांगते, म्हणजे तुम्ही आम्हाला भाबडे समजून उत्तर देणार नाही.

तर आमच्या घोडबंदर रोडला इतकी शूटिंगं चालतात की ऑडियन्स लागला की कोऑर्डिनेटर लोक सोसायट्यांच्या ग्रुपवरच मेसेज टाकतात. मध्ये एका मोठ्या गाण्याच्या शोला आमचं महिला मंडळ गेलं होतं, नाव नाही सांगत, सांगायची गरजही नाही कारण सगळीकडे तेच असणार. मेसेजमध्ये लिहिलेलं, रंगीत कपडे घाला, काळा पांढरा नको, बारीक चौकडी नको, दागिने चालतील. गेटवर मोबाइल काढून घेतले आणि टोकन दिलं. आम्हाला वाटलं आता गाणी ऐकायला मिळणार. कसलं काय! आधी फ्लोअरवरचा एक पोरगा आला, पंचविशीतला असेल, गोड होता बोलायला, आणि त्याने आमच्याकडून टाळ्या घेतल्या. साध्या टाळ्या, मग जोरात टाळ्या, मग उभं राहून टाळ्या, मग 'आता जरा शॉक लागल्यासारखं बघा', मग 'आता इमोशनल व्हा, मावशी तुम्ही जरा पदर लावा डोळ्यांना'. हे सगळं कॅमेऱ्यात घेऊन झालं तेव्हा स्टेजवर एकही मूल आलेलं नव्हतं, तिथे एक माणूस फरशी पुसत होता. म्हणजे आम्ही स्टँडिंग ओव्हेशन दिलं ते पोछ्याला.

पुढची गंमत टेलिकास्टला कळली. शूटच्या वेळी तो धूर सोडायचं मशीन असतं ना, त्याच्याजवळच आमची रांग होती आणि माझे डोळे इतके चुरचुरायला लागले की मी दोन-तीनदा ओढणीने पुसले. एपिसोड लागला तेव्हा एक मुलगा आपल्या आजारी वडिलांबद्दल सांगतोय, मागे बासरी वाजतेय, आणि धाडकन माझा क्लोजअप, डोळे पुसताना! सासूबाई हळव्या झाल्या, म्हणाल्या अगं किती रडलीस तू. पुण्याहून मावशीचा फोन आला. आता सगळ्यांना काय सांगू की तो धूर होता, आणि तो मुलगा तर आम्ही निघाल्यावर कधीतरी आला असेल, आम्ही बघितलाच नाही त्याला.

मला राग आला का? खरं सांगू, नाही आला. हसू आलं. एडिट म्हणजे काय ते त्या दिवशी नीट कळलं इतकंच. चोवीस तास कॅमेरे चालू ठेवायचे आणि त्यातून तासाभराचा एपिसोड काढायचा म्हटलं तर कोणाचं काय दाखवायचं हे कोणीतरी ठरवणारच, आणि जो ठरवतो तोच कोण खलनायक आणि कोण बिचारा हेही ठरवतो. गाणं नंतर मिक्स होतं, सूर सरळ करून घेतला जातो, हे तर आता गाण्याच्या क्लासला जाणाऱ्या पोरांनाही माहीत असतं.

ऑडिशनचंही तसंच. माझ्या नणंदेचा मुलगा ऐरोलीला राहतो, गातो चांगला, तो गेला होता एका ऑडिशनला. टीव्हीवर जी हजारोंची रांग दिसते ना ती खरी असते, उन्हात उभी असते, पण ती रांग जजेसना कधी भेटतच नाही हो! आधी क्रूमधले लोक ऐकतात, मग परत दुसरे कोणी ऐकतात, आणि जजेससमोर उभे राहतात ते गाळून गाळून उरलेले, त्यात काही खरंच सुंदर गाणारे आणि काही मुद्दाम हसायला ठेवलेले. आणि फॉर्म! गाणं कोणाकडे शिकलास याला एक ओळ आणि 'तुमच्या आयुष्यातला सगळ्यात कठीण प्रसंग' याला अर्धं पान. आमच्या पोराच्या आयुष्यातला कठीण प्रसंग म्हणजे बारावीचं केमिस्ट्री. वडील नोकरीला, आई नोकरीला, टू बीएचके. काय लिहिणार? नाही झालं सिलेक्शन. गाण्यामुळेच झालं नसेल, असेलही, मी काही म्हणत नाही, पण ते अर्धं पान रिकामं राहिलं हे नणंद अजून विसरलेली नाही.

हे मी एकटीच म्हणते असंही नाही. पहिला इंडियन आयडॉल अभिजीत सावंत, आपला मराठी मुलगा, तोच २०२१ मध्ये बोलून गेला की आता टॅलेंटपेक्षा स्पर्धक किती गरीब आहे यात मेकर्सना जास्त रस असतो. त्याच वर्षी किशोरकुमारचा मुलगा अमितकुमार त्याच शोमध्ये पाहुणा म्हणून गेला आणि बाहेर येऊन सरळ सांगितलं की मला सगळ्यांची स्तुती करायला सांगितलं होतं, मी केली. झालं, दोन दिवस गदारोळ झाला आणि मग परत सगळं सुरळीत. शो बंद पडला नाही, टीआरपी पडला नाही, उलट लोकांनी जास्त बघितला असेल.

म्हणून म्हणते, नाटक करा. खुशाल करा. बासरी वाजवा, धूर सोडा, माझे डोळे कुठेही चिकटवा. पण एपिसोडच्या शेवटी अँकर कॅमेऱ्यात बघून म्हणतो ना, 'महाराष्ट्रा, आता निर्णय तुमच्या हातात आहे', तिथे नाटक संपलं पाहिजे. ते वाक्य म्हणजे तुम्ही आमच्याशी केलेला व्यवहार आहे. आम्ही आमचं काहीतरी देतो, त्या बदल्यात तुम्ही मोजणार असं कबूल करता. आणि व्यवहार म्हटला की मला बाई पावती लागते.

पावती कुठाय? मी इतकी वर्षं बघतेय, कधीमधी फिनालेला एकूण एवढे कोटी व्होट आले म्हणून स्क्रीनवर आकडा चमकतो, फटाके उडतात, पण दर आठवड्याला कोणाला किती पडले, पहिल्या आणि शेवटच्या नंबरात फरक किती, जजेसचे मार्क किती टक्के धरले आणि आमचे किती, हे काही कळत नाही. अँकर लिफाफा उघडतो, ड्रम वाजतो, ब्रेक होतो, परत ड्रम वाजतो, आणि 'सगळ्यात कमी मतं मिळाल्यामुळे...' अहो पण किती कमी? दोनने का दोन लाखांनी? माझ्या साहेबांना मी असं सांगितलं असतं ना की सर या महिन्यात विक्री 'कमी' झाली, पुढचं विचारू नका, तर त्यांनी मला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं.

आता तुम्ही म्हणाल, ताई तुम्ही उगाच संशय घेताय. मग एक गोष्ट सांगते, कोरियातली. तिथल्या एमनेट चॅनलवर प्रोड्यूस एक्स १०१ नावाचा शो होता, प्रेक्षकांच्या मतांवर मुलं निवडून त्यांचा ११ जणांचा बँड करायचा. जुलै २०१९ मध्ये फिनाले झाली आणि चॅनलने आकडे जाहीर केले, कोणाला किती मतं. तिथल्या फॅन पोरापोरींनी ते आकडे कागदावर मांडले आणि त्यांच्या लक्षात आलं की एका नंबरात आणि त्याच्या खालच्या नंबरात जो फरक आहे तो पुन्हा पुन्हा २९,९७८ असाच येतोय. लाखो माणसं मत देतात आणि फरक मात्र तोच तोच, सांगा बरं कसं शक्य आहे? ऑफिसात व्हाउचरवर असा आकडा पुन्हा पुन्हा दिसला असता तर मीसुद्धा फाइल उघडून बसले असते. पोरं गप्प बसली नाहीत, तक्रार झाली, पोलीस आले, नोव्हेंबरमध्ये शोच्या प्रोड्यूसरला अटक झाली आणि २०२० मध्ये त्याला दोन वर्षांची शिक्षा लागली. तपासात निघालं की आधीच्या सीझनलाही हेच केलेलं. पुढे कोर्टाने कोणाकोणाचा नंबर मारला गेला त्या मुलांची नावं वाचून दाखवली.

या गोष्टीत मला सगळ्यात जास्त काय लागलं माहितीये? ते पकडले गेले कारण त्यांनी आकडे दाखवले. आकडेच दाखवले नसते तर तो प्रोड्यूसर आजही पुढचा सीझन करत असता. मी काही म्हणत नाहीये की तुमच्याकडे तसं चालतं. माझ्याकडे तसा पुरावा नाही आणि पुराव्याशिवाय मी कोणावर बोट ठेवणार नाही. पण तुमच्याकडे तसं चालत नाही याचा तरी पुरावा कुठाय, तो तुम्हीच कपाटात ठेवलाय ना.

असंच आपल्याकडे एकदा झालंय, वेगळ्या बाबतीत. २००७ मध्ये शाहरुखवाल्या केबीसीत घरबसल्या एसएमएस करून बक्षीस जिंकायची स्पर्धा होती, एका एसएमएसला २ रुपये ४० पैसे. ग्राहक संघटनेने तक्रार केली की बक्षिसाचे पैसे लोकांच्या एसएमएसमधूनच काढतायत आणि वर फुकट म्हणून दाखवतायत. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये चॅनल आणि मोबाइल कंपनीला एक कोटीचा दंड ठोकला. सगळे खूश. मग प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २०१९ मध्ये तो दंड रद्द झाला, कारण बक्षीस एसएमएसच्या पैशातूनच दिलं हे सिद्ध करणारा पुरावा नव्हता. कोर्टाचं बरोबरच आहे, पुरावा पाहिजे. पण एसएमएस किती आले, पैसे कुठे गेले, कोणाच्या वाट्याला किती, हे सगळं ज्यांच्या रजिस्टरात असतं त्यांच्याविरुद्ध आमच्यासारख्या माणसाने पुरावा आणायचा कुठून? बारा वर्षं भांडून ग्राहकाच्या हाती कोरा कागद.

इंग्लंडमध्ये तर चॅनलवरच शेकलं. तिथे लोक पैसे भरून फोन करत होते, आणि कुठे विजेते आधीच निवडून ठेवलेले तर कुठे आलेल्या फोनची मतं मोजलीच नाहीत. २००७ मध्ये भानगड बाहेर आली आणि पुढच्या वर्षी तिथल्या आयटीव्ही चॅनलला ५६ लाख ७५ हजार पौंडांचा दंड बसला. अमेरिकेत तर हे फार जुनं आहे, १९५६ मध्ये ट्वेंटी वन नावाच्या क्विझ शोमध्ये हर्बर्ट स्टेम्पेल नावाच्या स्पर्धकाला मुद्दाम हरायला लावलं होतं, ज्या पिक्चरला ऑस्कर मिळाला ते त्याला माहीत होतं तरी चुकीचं उत्तर द्यायला सांगितलं. काचेच्या बूथमध्ये घाम फुटावा म्हणून एसी बंद करायचे म्हणे. (एसी बंद करणं आणि धूर सोडणं, सत्तर वर्षांत प्रगती एवढीच.) प्रकरण त्यांच्या संसदेपर्यंत गेलं आणि १९६० मध्ये त्यांनी कायदाच केला की प्रेक्षकांना फसवण्यासाठी स्पर्धेचा निकाल आधी ठरवणं हा गुन्हा. आणि हल्ली तिकडच्या फॅशनच्या एका शोला शेवटच्या पाटीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की कोणाला काढायचं हे जजेसनी प्रोड्यूसरशी सल्लामसलत करून ठरवलं. बारीक का होईना, लिहितात तरी.

तुमचं उत्तर मला माहीत आहे. आता एसएमएस नाही, अॅप आहे, व्होटिंग फुकट आहे, मग तुमचं काय जातंय? जातं ना. अॅप डाउनलोड करावं लागतं, नंबर द्यावा लागतो, ओटीपी द्यावा लागतो, मग व्होटच्या बटनापर्यंत पोचायला जाहिरात बघावी लागते, आणि नंतर महिनाभर त्या अॅपचे नोटिफिकेशन रात्री अकराला टुंग टुंग वाजतात. सासूबाईंच्या फोनमध्ये तर जागाच उरली नाही, नातवाचे फोटो डिलीट करून अॅप ठेवलंय त्यांनी. हे सगळं फुकट असेल तर मग तुम्ही ते मागता कशाला?

दुसरं उत्तर म्हणजे आकडे सांगितले तर स्पर्धकांचं खच्चीकरण होतं. अरे वा! एपिसोडभर त्या मुलाला रडवताना, त्याच्या आईला स्टेजवर आणून त्याच्यासमोर कर्जाचं विचारताना खच्चीकरण होत नाही आणि आकड्याने होतं. आणि लहान मुलांच्या शोबद्दल तर २०१९ मध्ये केंद्राच्या माहिती-प्रसारण खात्याला सगळ्या चॅनलना लेखी सांगावं लागलं की पोरांना न शोभणाऱ्या गोष्टी करायला लावू नका, तेव्हा मुलांच्या काळजीचं निदान या पत्राच्या उत्तरात तरी काढू नका.

तिसरं उत्तर जरा बरं आहे, ते मी स्वतःच देते. व्होट खरे मोजले तरी ते गाण्याला पडतात असं थोडंच आहे. २००७ मध्ये इंडियन आयडॉलला प्रशांत तमांग जिंकला, कोलकाता पोलिसातला कॉन्स्टेबल, तेव्हा दार्जिलिंगमध्ये लोकांनी वर्गणी काढून एसएमएस केले, आणि ती मोहीम चालवणारे बिमल गुरुंग त्याच वर्षी नवा पक्ष काढून तिथले पुढारी झाले. एका गाण्याच्या स्पर्धेतून अख्ख्या डोंगराचं राजकारण फिरलं. आपल्याकडेही बघा ना, ठाण्यातलं कोणी फायनलला गेलं की तीन हात नाक्यापासून तलावपाळीपर्यंत फ्लेक्स लागतात, 'आपल्या ठाण्याच्या लेकीला भरघोस मतांनी विजयी करा', लेकीचा फोटो एवढासा आणि भाऊंचा फोटो एवढा मोठा. आमच्या ग्रुपवर एकेक जण चार-चार ईमेल काढून व्होट टाकतो, त्यातले दोन ईमेल मीच काढून दिलेत. मान्य आहे, हे काही शुद्ध संगीत नाही. पण ही जी काय लबाडी आहे ती आमची आहे आणि ती उघड्यावर आहे, फ्लेक्सवर आहे. तुमचा आकडा बंद खोलीत आहे.

आणि आकडे दाखवले तर फायदा तुमचाच आहे हे कसं कळत नाही तुम्हाला. २००९ ला लिटिल चॅम्प्सची फिनाले झाली, कार्तिकी गायकवाड जिंकली, फायनलला पोचलेली पाचही मुलं २०२१ ला ज्युरी म्हणून परत आली, आणि तरी आजही आमच्या सोसायटीच्या गणपतीत रात्री जागरणाला बसलं की कार्तिकी का त्याच पाचातली आर्या आंबेकर हा वाद निघतोच निघतो. मराठी बिग बॉसच्या पाचव्या सीझनला २०२४ मध्ये सूरज चव्हाण जिंकला तेव्हा आमच्या डब्याच्या टेबलावर दोन पार्ट्या पडल्या, एक म्हणे गरिबाच्या पोराला जनतेने जिंकवलं, दुसरी म्हणे चॅनलने. मला वाटतं जनतेनेच जिंकवलं. पण मला 'वाटतं'. त्या मुलाने जे मिळवलं त्यावर लोकांनी शंका घ्यावी हा त्याच्यावर केवढा अन्याय आहे, आणि तो अन्याय तुमच्या बंद लिफाफ्याने केला. तोच सीझन शंभर दिवसांऐवजी ७० दिवसांत गुंडाळला तेव्हाही आम्हाला कोणी विचारलं नव्हतं, ते ठीक आहे, स्लॉट तुमचा, घर तुमचं. मतं मात्र तुमची नाहीत.

माझं मागणं फार नाही. दर आठवड्याला निकाल लागला की एक पाटी दाखवा, ज्याला काढलं त्याला किती मतं आणि जो वाचला त्याला किती. जजेसचा वाटा किती टक्के ते सीझनच्या पहिल्याच एपिसोडला सांगा आणि मध्येच बदलू नका. वाइल्ड कार्ड आणायचं तर आणा, पण 'प्रेक्षकांच्या आग्रहास्तव' म्हणू नका, कोणी आग्रह केला ते दाखवा. मोजणी बाहेरच्या ऑडिटरकडून करून घ्या आणि त्याचं नाव क्रेडिट्समध्ये टाका, म्हणजे काही झालं तर कोणाला विचारायचं ते कळेल. आणि एखाद्या आठवड्याला तुम्हाला खरोखरच कोणाला तरी ठेवायचं असेल, टीआरपीसाठी, भांडणासाठी, कशासाठीही, तर सरळ सांगा की या आठवड्यात व्होटिंग नाही, आम्ही ठरवणार. आम्ही तरीही बघू हो. मी लिहून देते.

पुढच्या सीझनचे प्रोमो लागले की आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर व्होटिंगची लिंक येते, ती टाकायचं काम माझ्याकडेच असतं. या वेळी ती लिंक मी टाकणार नाही, पहिल्या एलिमिनेशनला स्क्रीनवर आकडा दिसेपर्यंत. सासूबाईंना हे अजून सांगितलेलं नाही.

कळावे,
तुमच्या ऑडियन्समध्ये डाव्या बाजूला, धुराच्या मशीनशेजारी बसलेली,
कासारवडवली, ठाणे